विदर्भाच्या रणजी संघाची वही : आठ वर्षे पूर्ण

स्क्वेअरलेग | १ जानेवारी २०२६, सकाळी ९:१०

१ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले आणि रणजी करंडक पहिल्यांदाच नागपूरला आला. १९५७-५८ च्या हंगामापासून या स्पर्धेत खेळणाऱ्या आणि त्यातील बराच काळ खालच्या गटात काढलेल्या संघाचे ते पहिले विजेतेपद होते. त्याच रात्री मी विदर्भाच्या सामन्यांची वही लिहायला घेतली. आज तिला आठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून हा धागा.

ही वही म्हणजे स्कोअरबुक नव्हे. चेंडूगणिक नोंदी आता कोणालाही मोबाइलवर मिळतात आणि त्या माझ्यापेक्षा चोख असतात. धावफलक वाचून जे कळत नाही, तेवढेच मी लिहितो. इंदूरच्या अंतिम सामन्याचेच पाहा. विदर्भाचा गोलंदाज रजनीश गुरबानीच्या हॅट्ट्रिकबद्दल धावफलक फक्त तीन फलंदाज त्रिफळाचीत झाले एवढे सांगतो. प्रत्यक्षात विकास मिश्रा आणि नवदीप सैनी हे एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर गेले, मग दुसऱ्या टोकाकडून एक पूर्ण षटक झाले, आणि त्यानंतरच्या पहिल्या चेंडूवर ध्रुव शोरीचा त्रिफळा उडाला. म्हणजे हॅट्ट्रिकचा चेंडू एखाद्या घाबरलेल्या शेपटाच्या फलंदाजाला पडला नव्हता, तर १४५ धावा करून खेळपट्टीवर ठाण मांडलेल्या माणसाला पडला होता. शिवाय मधले सबंध षटक गोलंदाजाला सीमेजवळ उभे राहून त्याच चेंडूचा विचार करत काढावे लागले होते. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच हॅट्ट्रिक. पहिली तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने १९७२-७३ मध्ये मुंबईविरुद्ध घेतली होती, आणि तरीही तो सामना मुंबईनेच जिंकला होता.

तरी माझ्या वहीचे खरे पहिले पान अंतिम सामन्याचे नाही, कोलकात्याच्या उपांत्य सामन्याचे आहे. ते मी मागाहून, आठवणीने लिहून काढले. ईडन गार्डन्सवर आपण पहिल्या डावात १८५ मध्ये गारद झालो आणि कर्नाटकने ३०१ केल्या. १५३ धावांच्या खेळीने करुण नायरने सामना जवळजवळ हिरावून नेला होता. मग गणेश सतीशच्या ८१ धावांच्या आधाराने आपण ३१३ पर्यंत पोहोचलो आणि कर्नाटकपुढे १९८ धावांचे लक्ष्य उरले. शेवटच्या सकाळी त्यांना ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. विनयकुमार, मिथुन आणि अरविंद हे तिघेही गुरबानीनेच काढले आणि आपण पाच धावांनी जिंकलो. माझ्या मते विदर्भाच्या क्रिकेटचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगळा करणारा क्षण इंदूरचा करंडक नाही, तर ही सकाळ आहे. अंतिम सामन्यात २५२ धावांची आघाडी मिळाल्यावर कोणताही संघ जिंकला असता. सामना हातातून निसटू लागलेला असताना धावा न देता गडी मिळवणे त्याआधी आपल्याला क्वचितच जमले होते.

आता ज्या प्रश्नामुळे हा धागा काढावासा वाटला, त्याकडे वळतो. माझ्या वहीत एक साधा नियम आहे. विदर्भाच्या खेळाडूंची नोंद निळ्या शाईने आणि प्रतिस्पर्ध्यांची काळ्या शाईने करायची. पहिली काही वर्षे या नियमाने अजिबात त्रास दिला नाही. वसीम जाफर मुंबईचा, पण तो २०१५-१६ पासून आपल्याकडे खेळत होता. २०१७-१८ चा हंगाम तर तो मानधन न घेता खेळला, इंदूरला विजयी फटका त्याच्याच बॅटमधून आला आणि त्यानंतर इराणी करंडकात (रणजी विजेता विरुद्ध शेष भारत) नागपूरजवळच्या जामठ्याला त्याने २८६ धावा केल्या. त्याची शाई निळीच, यावर कोणी वाद घालणार नाही.

घोळ पुढे सुरू झाला. ज्या करुण नायरने ईडनवर आपल्याविरुद्ध १५३ केल्या आणि ज्या ध्रुव शोरीने इंदूरला आपल्याविरुद्ध १४५ केल्या, ते दोघेही २०२३-२४ च्या हंगामात विदर्भाकडून खेळायला आले. त्या दोन सामन्यांतली प्रतिस्पर्ध्यांची दोन्ही शतके आपल्याच ड्रेसिंग रूममध्ये येऊन बसली! उलट बाजूने, आपला गुरबानी महाराष्ट्राकडे गेला आणि आदित्य सरवटे केरळकडे गेला. मग गेल्या वर्षी जामठ्यावर विदर्भ विरुद्ध केरळ असा अंतिम सामना झाला. ज्या सरवटेने २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्रचे अकरा गडी बाद केले होते आणि पुजाराला दोन्ही डावांत मिळून एका धावेवर रोखले होते, त्याने त्याच मैदानावर केरळसाठी ७९ धावा काढून आपली आघाडी कमी केली. दुसऱ्या डावात तर कडी झाली. कर्नाटकातून आलेला आपला करुण नायर १३५ धावांवर यष्टिचीत झाला, आणि गोलंदाज होता आपल्या घरातून गेलेला सरवटे.

त्या दिवशी मी पेन हातात घेऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो. त्या ७९ धावा निळ्या लिहायच्या की काळ्या? ती जागा मी अजून पेन्सिलीनेच भरून ठेवली आहे. आपण काय केले असते, हे कृपया सविस्तर लिहावे.

दादरचा बाक | १ जानेवारी, सकाळी १०:३५

आठ वर्षांच्या चिकाटीबद्दल मनापासून अभिनंदन. काळ्या शाईची पाने आपण प्रामाणिकपणे लिहिली असतील, अशी आशा आहे. मार्च २०२४ च्या मुंबई-विदर्भ अंतिम सामन्याचे वानखेडेवरचे पान मुंबईकरांना वाचायला नक्की आवडेल.

शाईच्या प्रश्नावर माझे मत थोडे कडवट आहे. मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वेळा हा करंडक जिंकला, तेव्हा मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या मुलांच्याच जोरावर जिंकला. पाहुणे खेळाडू आणून संघ बांधणे नियमाला धरून आहे, हे मला मान्य आहे, परंतु त्या विजयावर स्थानिक अभिमान किती सांगावा याचे तारतम्य असायला हवे. शिवाय तुमच्या पहिल्या दोन्ही विजेतेपदांचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हेही आमचेच. मध्य प्रदेशने २०२२ मध्ये आम्हालाच हरवून करंडक नेला, तेव्हाही तेच प्रशिक्षक होते. त्यामुळे आमच्याच माणसाकडून हरण्याची सवय आता आम्हाला झाली आहे.

स्क्वेअरलेग | १ जानेवारी, दुपारी १२:०५

@दादरचा बाक, वानखेडेचे पान आहे आणि ते वहीतील सर्वांत मोठ्या पानांपैकी एक आहे. पहिल्या डावात आपण १०५ मध्ये संपलो, तेव्हाच सामना गेला असे सगळ्यांनी धरले होते. ५३८ चे लक्ष्य म्हणजे केवळ उपचार वाटत होता. पाचव्या दिवशी सकाळी अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे मैदानात उतरले, तेव्हा ५ बाद २४८ अशी स्थिती होती, आणि उपाहारापर्यंत मुंबईला एकही गडी मिळाला नाही. त्या दोन तासांत मुंबईच्या क्षेत्ररक्षकांची देहबोली सावकाश बदलत गेली. स्लिपमधली बडबड थांबली, फिरकी गोलंदाज चेंडू टाकण्याआधी कर्णधाराकडे पाहू लागले, आणि प्रत्येक षटकानंतर क्षेत्ररचनेत एखादा बदल होऊ लागला. मग वाडकर १०२ धावांवर तनुष कोटियनच्या चेंडूवर पायचीत झाला आणि अवघ्या पंधरा धावांत सगळे आटोपले. शेवटचा गडी निवृत्त होत असलेल्या धवल कुलकर्णीच्या हातून पडावा म्हणून चेंडू त्याच्याकडे दिला गेला. ही गोष्ट मी काळ्या शाईने, पण आदराने लिहिली आहे. मुंबईच्या बेचाळिसाव्या विजेतेपदाचा हा भाग मला मुशीर खानच्या १३६ धावांपेक्षाही जास्त आवडतो.

पाहुण्यांबद्दल मात्र असहमत. वाडकरचे उदाहरण घ्या. इंदूरला २०१८ मध्ये प्रथम श्रेणीतले पहिले शतक, तेही रणजीच्या अंतिम सामन्यात, त्याने १३३ धावांच्या खेळीने केले. २०१९ च्या विजेत्या संघातही तोच यष्टिरक्षक होता. वानखेडेवरचे शतक आता सांगितलेच. गेल्या वर्षी करंडक उचलणारा कर्णधारही तोच. पाहुणे येऊन गेले, पण संघाचा कणा नागपूरचाच राहिला. जाफर आणि गणेश सतीश आले नसते, तर या मुलांना तीन दिवस फलंदाजी कशी करायची हे शिकायला आणखी दहा वर्षे लागली असती, असे मला वाटते.

जुना सिव्हिल लाइन्स | १ जानेवारी, दुपारी १:२०

मी या चर्चेत कदाचित सर्वांत वयस्कर असेन. विदर्भाचे सामने मी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर झाडांच्या सावलीत बसून पाहिले आहेत, आणि त्या काळात आम्हाला निळ्या शाईची गरजच पडली नसती, कारण हरण्याच्या नोंदी कोणत्या रंगाने करायच्या हा प्रश्न कोणालाच पडत नसे. आपल्याकडून कोणी भारतासाठी कसोटी खेळेल, ही कल्पनाही तेव्हा थट्टेचा विषय होती. उमेश यादव २०११ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी खेळला, तेव्हा ती थट्टा संपली. कोळसा खाणीच्या वसाहतीतून आलेला, विशीच्या आसपास येईपर्यंत चामड्याच्या चेंडूने फारसा न खेळलेला मुलगा इतका वेग आणतो कुठून, यावर आम्ही बाकावर बसून पुष्कळ वाद घातले आहेत.

माझी सूचना अशी. सरवटेच्या ७९ धावा काळ्या लिहाव्यात. त्याने केरळची टोपी घातली होती आणि ती घालून तो पूर्ण जोर लावून खेळला. त्याला निळ्या शाईत घेणे म्हणजे त्याच्या त्या खेळीचा एक प्रकारे अपमानच आहे.

कोची मुक्काम पोस्ट वर्धा | १ जानेवारी, दुपारी ३:४८

या धाग्यावर लिहिण्याचा मला दुहेरी अधिकार आहे. मूळचा वर्ध्याचा असून नोकरीनिमित्त बरीच वर्षे कोचीत राहतो. गेल्या फेब्रुवारीत केरळ पहिल्यांदाच रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा माझ्या कार्यालयात क्रिकेटचे नावही न काढणारी माणसे जामठा कुठे आहे, तिथे थंडी असते का, असे मला विचारू लागली होती.

केरळ तिथवर कसा आला, हे येथील वाचकांनी लक्षात घ्यावे. दोन सामने अनिर्णित राहिले आणि पहिल्या डावातील आघाडीवर तो पुढे गेला: पुण्याच्या उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावात एका धावेची आघाडी, आणि अहमदाबादच्या उपांत्य सामन्यात गुजरातवर दोन धावांची आघाडी. अहमदाबादच्या शेवटच्या गड्याचा चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या सलमान निझारच्या शिरस्त्राणावर आदळून वर उडाला आणि कर्णधार सचिन बेबीने तो झेलला. तो चेंडू टाकणारा सरवटेच होता. कोचीतल्या लोकांच्या दृष्टीने तो नागपूरचा आहे हे एक किरकोळ तपशिलाचे कलम होते. तो त्यांना अंतिम फेरीत नेणारा माणूस होता.

अंतिम सामन्यात तो खेळत असताना मी उघडपणे कोणाच्याच बाजूने बोललो नाही. ७९ वर बाद झाल्यावर मात्र मला वाईट वाटले आणि त्याच क्षणी हायसेही वाटले. आपण ती जागा पेन्सिलीनेच ठेवावी, असे माझे मत आहे. काही नोंदी कायम शाईत येऊ नयेत.

नियमपुस्तक | १ जानेवारी, सायंकाळी ५:१५

चर्चा भावनेकडे झुकते आहे, म्हणून एक कोरडा मुद्दा मांडतो. २०२४-२५ चा अंतिम सामना विदर्भाने जिंकलेला नाही. तो अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर (३७९ विरुद्ध ३४२) विजेता ठरला. साखळीत निर्णायक विजयाला सहा गुण मिळतात आणि केवळ आघाडीला तीन. म्हणजे आघाडी ही विजयाच्या निम्मीच मोलाची आहे, असे स्पर्धेचेच नियम सांगतात. मग अंतिम सामन्यात तिला पूर्ण विजयाचा दर्जा का द्यावा? आपल्या वहीत या सामन्यापुढे "जिंकलो" असे लिहिले आहे की "अनिर्णित", हे जाणून घ्यायला आवडेल.

स्क्वेअरलेग | १ जानेवारी, रात्री ८:३०

@नियमपुस्तक, "अनिर्णित, करंडक आपला" असे लिहिले आहे. मुद्दा रास्त आहे, पण त्यावर माझे म्हणणे असे की आघाडी मिळाल्यानंतर विदर्भ कसा खेळला, हे पाहायला हवे. दुसऱ्या डावात दोन गडी सातच धावांवर गेले होते. तिथे आपण कोसळलो असतो, तर केरळला थेट विजयाची दारे उघडी होती. करुण नायर ३१ धावांवर असताना त्याचा स्लिपमध्ये झेल सुटला आणि पुढे त्याने दानिश मालेवारला (दुसऱ्या डावात ७३) बरोबर घेऊन सामना केरळच्या हाताबाहेर नेला. पहिल्या डावातही ३ बाद २४ वरून याच दोघांनी २१५ धावांची भागीदारी केली होती आणि मालेवारने १५३ केल्या होत्या. अखेर दर्शन नळकांडेचे अर्धशतक पूर्ण झाले आणि मगच दोन्ही कर्णधारांनी हस्तांदोलन केले. आघाडीच्या जोरावर मिळालेला करंडक आणि आघाडीवर झोपून मिळालेला करंडक, यांत मी फरक करतो.

तुमचा आक्षेप मला दुसऱ्या ठिकाणी जास्त पटतो. सचिन बेबी ९८ धावांवर असताना उंच फटका मारून बाद झाला, तेव्हा केरळ सात बाद ३२४ होता. त्याने शतकाच्या दोन धावांऐवजी पिछाडीच्या पंचावन्न धावांचा विचार केला असता, तर आज हा धागा वेगळा लिहिला गेला असता. आघाडीचा नियम कर्णधाराला हे गणित चेंडूगणिक करायला लावतो, आणि शतकाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाकडून ते गणित नेमके सुटते. त्यामुळे हा नियम मला क्रूर वाटतो, पण कंटाळवाणा नक्कीच वाटत नाही.

अकोल्याची पेठ | २ जानेवारी, सकाळी ७:५५

नागपूरच्या नावाने सगळा विदर्भ ओळखला जातो, ही आमची जुनी तक्रार या धाग्यावरही नोंदवतो. वर "संघाचा कणा नागपूरचाच राहिला" असे लिहिले आहे, त्याला हरकत घेतो. आदित्य ठाकरे आणि अथर्व तायडे हे अकोल्याचे आहेत. गेल्या ऑक्टोबरात जामठ्यावर इराणी करंडकाच्या सामन्यात तायडेने १४३ धावा केल्या आणि विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवले, तेव्हा आमच्या पेठेत चहा फुकट मिळत होता. जिल्ह्याच्या गावातून वयोगटाच्या चाचण्यांसाठी पहाटेच्या गाडीने नागपूरला जायचे, दिवसभर उन्हात थांबायचे, दोन षटके मिळायची आणि रात्रीच्या गाडीने परतायचे, हे आमच्याकडची मुले करत आली आहेत. आपल्या वहीत निळी शाई एकच असली, तरी तिच्या कडेला खेळाडूचे गाव लिहिण्याची सोय करावी.

स्क्वेअरलेग | २ जानेवारी, सकाळी ९:२०

@अकोल्याची पेठ, सूचना मान्य. "नागपूरचा" ऐवजी "विदर्भाचा" असे वाचावे. समासात गावाचे नाव आजपासून लिहायला घेतो.

शेवटची रांग | २ जानेवारी, दुपारी १२:४०

मला आकड्यांतले फार कळत नाही, पण जामठ्याला गेल्या दोन हंगामांत अनेकदा गेलो आहे, म्हणून तिथले थोडे सांगतो. मेट्रोने खापरीपर्यंत जाता येते आणि पुढे वर्धा रस्त्याने ऑटो किंवा बस धरावी लागते. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये रणजीच्या दिवशी मूठभर माणसे असतात, त्यामुळे प्रत्येक आवाज ऐकू येतो. २०२४-२५ च्या हंगामात मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केले, तेव्हा आमच्या रांगेत बसलेले एक आजोबा, जे सकाळपासून डब्यातली भाकरी शांतपणे खात बसले होते, ते उभे राहून ओरडायला लागले आणि सीमेवरच्या क्षेत्ररक्षकाने मागे वळून त्यांना हात केला. भरलेल्या मैदानात हे होणार नाही. नंतर त्यांनी डबा बंद केला, पण सामना संपेपर्यंत पुन्हा बसले म्हणून नाहीत.

एक विचारायचे होते. हर्ष दुबेबद्दल आपण फक्त फलंदाजीतले लिहिले. त्याच एका हंगामात ६९ बळी घेऊन त्याने सगळ्या रणजीचा विक्रम मोडला, त्याचे पान कुठे आहे?

स्क्वेअरलेग | २ जानेवारी, रात्री ९:०५

@शेवटची रांग, आजोबांची नोंद तुमच्या परवानगीने वहीत घेतो.

दुबेचे पान आहे, पण ते लिहायला सर्वांत अवघड गेले. आधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा होता, ६८ बळींचा, आणि त्याही आधी १९७४-७५ पासून बिशनसिंग बेदींचे ६४ बळी कित्येक वर्षे सर्वोच्च होते. दुबेच्या ६९ मध्ये डोळ्यांत भरेल अशी जादू शोधायला गेलो, तर ती सापडत नाही. हा डावखुरा फिरकी गोलंदाज एकाच टप्प्यावर षटकांमागून षटके टाकतो, चेंडूचा वेग किंचित बदलतो, आणि कधी तरी सरळ जाणारा चेंडू टाकतो. फलंदाज चुकीच्या रेषेत खेळतो आणि पायचीत होतो किंवा स्लिपमध्ये जातो. मुंबईविरुद्ध दुसऱ्या डावात त्याने पाच गडी घेतले, त्यातही असेच होते. अशा गोलंदाजाबद्दल लिहिताना प्रत्येक पान सारखेच दिसते. त्याच हंगामात यश राठोडने ९६० धावा केल्या, त्याचेही तसेच. आणि हे दोघे पाहुणे नाहीत, हे दादरकरांसाठी मुद्दाम नमूद करतो.

दादरचा बाक | २ जानेवारी, रात्री ९:४०

नोंद घेतली. मुंबईवरचा तो ८० धावांचा विजयही घेतला. आमच्या आकाश आनंदच्या १०६ धावा तेवढ्या पानावर असू द्या.

लेगबाय | ३ जानेवारी, सकाळी ११:१५

नवीन सभासद आहे. माझ्या मुलाला, तो आता आठवीत आहे, अशी वही सुरू करायची इच्छा झाली आहे. कोणती वही घ्यावी आणि प्रत्येक सामन्याचे काय लिहावे, याचे मार्गदर्शन मिळेल का? त्याला मोबाइलवरच्या आकड्यांत रस आहे, परंतु आपण म्हणता तसे बघायचे कसे, हे मला सांगता येत नाही.

स्क्वेअरलेग | ३ जानेवारी, दुपारी २:००

@लेगबाय, साधी दोनशे पानी, पुठ्ठ्याची, एकेरी रेघांची वही पुरते. डाव्या पानावर धावफलकाचा सारांश पाच-सहा ओळींत लिहावा, म्हणजे संदर्भ राहतो, आणि उजवे पान मोकळे ठेवावे. मुलाला सामना सुरू असताना काहीही लिहू देऊ नका. दिवसाचा खेळ संपल्यावर, धावफलक न बघता, त्याला आठवतील त्या तीनच गोष्टी उजव्या पानावर लिहायला सांगा. पहिल्या काही सामन्यांत तो फक्त षटकार आणि त्रिफळे लिहील. मग त्याच्या लक्षात येईल की दुसऱ्या टोकाला कोण होते, गडी पडण्याआधीच्या षटकात काय झाले, कर्णधाराने क्षेत्ररक्षक कुठून कुठे हलवला, हे त्याने पाहिलेच नव्हते. पुढच्या सामन्यात तो ते आपोआप पाहू लागतो. शक्य असेल तर त्याला एखादा दिवस मैदानावर न्या, आणि चेंडूमागे धावणारी नजर थोडा वेळ यष्टिरक्षकावर ठेवायला सांगा. यष्टिरक्षक कुठे उभा आहे, त्यावरून गोलंदाज काय टाकणार याचा निम्मा अंदाज येतो.

जुना सिव्हिल लाइन्स | ३ जानेवारी, सायंकाळी ६:३०

आठवीतल्या मुलाला तीन नव्हे, दोनच गोष्टी सांगाव्यात. तिसरी तो आपली आपण लिहील. बाकी, सरवटेचे काय ठरले?

स्क्वेअरलेग | ४ जानेवारी, सकाळी ८:४५

ठरले. सर्वांची मते पुन्हा वाचली. त्या ७९ धावा काळ्या शाईनेच लिहीत आहे, कारण जुना सिव्हिल लाइन्स यांचा मुद्दा बिनतोड आहे. ज्या टोपीत खेळला, त्या टोपीच्या रंगाने नोंद व्हावी. त्याच न्यायाने नायरच्या ईडनवरच्या १५३ काळ्या आणि जामठ्यावरच्या १३५ निळ्या राहतील, आणि त्या १३५ पुढे बाद करणाऱ्याचे नाव काळ्या शाईत येईल. एकाच ओळीत दोन रंग आले, तर येऊ द्यावेत.

मात्र वहीच्या शेवटी आठ-दहा पाने मी वेगळी काढली आहेत. विदर्भाकडून करंडक जिंकलेले खेळाडू पुढे जिथे कुठे खेळतील, तिथल्या त्यांच्या खेळाची नोंद तिथे होईल. त्यात सरवटेचा केरळचा हंगाम आणि गुरबानीचा महाराष्ट्राचा हंगाम आहे, आणि आता नायर कर्नाटकात परत गेला असल्यामुळे त्याचे पानही उघडले आहे. आपला यष्टिरक्षक जितेश शर्मा या हंगामात बडोद्याकडे गेला आहे. बडोद्यात राहणाऱ्या कोणी त्याचा रणजी सामना मैदानावर जाऊन पाहिला असेल, तर त्याने यष्टीमागे कसे काम केले, यावर दोन ओळी येथे लिहाव्यात. धावा किती केल्या ते मला मिळाले आहे, बाकीचे हवे आहे.